गोमंतकाचें लोहखनिज : व्याज कीं मुद्दल?

पणजीच्या धक्क्यावर उभें राहून मांडवी नदीकडे पाहणाऱ्यास कित्येक वर्षें एक देखावा रोज दिसत असे. अंतर्भागांतून सपाट तळाच्या लांबट बोटी एकामागून एक खालीं येत आणि त्यांच्या पोटांत तांबूस-काळ्या मातीचे ढीग असत. या बोटींना गोव्यांत सर्वजण बार्ज म्हणतात. ती माती म्हणजे साधी माती नव्हे, तें लोहखनिज. बार्ज मुरगांव बंदरांत जाई, तेथें तें खनिज मोठ्या जहाजांत चढे, आणि पुढें जपान, चीन इत्यादि देशांतील भट्ट्यांत त्याचें पोलाद होई. रिकामी बार्ज पुन्हां नदींतून वर जाई व दुसरी खेप घेई.

गोमंतकांतील प्रत्येकास माड ठाऊक आहे. माडावरून नारळ उतरले, तर दोन-तीन महिन्यांनीं पुन्हां उतरतां येतात. शेतांतील भात कापलें, तर पुढच्या पावसाळ्यांत पुन्हां पेरतां येतें. परंतु डोंगरांतून काढलेलें लोखंड पुन्हां डोंगरांत उगवत नाहीं. एक बार्ज भरून गेली म्हणजे तेवढा डोंगर कायमचा गेला. ही गोष्ट इतकी उघड आहे कीं ती सांगण्याचें कारण काय, असें कोणासही वाटेल. तथापि गोव्याच्या खाणींचा गेल्या साठ-सत्तर वर्षांचा इतिहास पाहिला, तर नेमकी हीच उघड गोष्ट हिशेबांतून निसटलेली दिसते. म्हणून हें खनिज झालें कसें, तें निघतें कसें, त्यापासून कोणास काय मिळतें आणि त्याचा हिशेब कसा ठेवावा, याचा क्रमानें विचार करणें इष्ट आहे.

गोव्याच्या पूर्वेस सह्याद्रीची रांग आहे व पश्चिमेस समुद्र. या दोहोंच्या मध्यें डिचोली, सत्तरी, सांगें, केपें या भागांतून लोहखनिजाचा पट्टा वायव्येकडून आग्नेयेकडे गेलेला आहे. अतिप्राचीन काळीं, म्हणजे दोनशें कोटी वर्षांहूनही पूर्वीं, पाण्याच्या तळाशीं लोखंडाचे व गारेचे पातळ थर आळीपाळीनें बसत गेले आणि त्यांचा पट्टेदार खडक बनला. पुढें भूगर्भांतील दाबानें हा खडक वळला, उचलला गेला व त्याचे डोंगर झाले. त्या डोंगरांवर युगानुयुगें पाऊस पडत राहिला. पावसाच्या मुरलेल्या पाण्यानें गारेचा अंश हळूहळू विरघळवून नेला आणि लोखंडाचा अंश मागें राहिला. याप्रमाणें निसर्गानें स्वतःच चाळून-पाखडून हें खनिज तयार केलें. म्हणून गोव्याच्या खाणींत वरच्या बाजूस जांभा दगड लागतो, त्याखालीं ढेकळांच्या रूपाचें कठीण खनिज मिळतें आणि आणखी खालीं गेल्यास त्याची भुकटी सांपडते.

भुकटीच्या या थराचा एक गुण विसरतां कामा नये. तो सच्छिद्र असल्यामुळें पावसाचें पाणी शोषून धरतो व पुढें आठ महिने थोडथोडें सोडीत राहतो. पायथ्याच्या गांवांतील झरे, विहिरी, पोफळीचीं कुळागरें हीं सर्व या सांठ्यावर जगतात. सारांश, ज्या डोंगरांत लोखंड आहे तोच डोंगर गांवची पाण्याची टांकीही आहे. ही एक गोष्ट ध्यानांत ठेवली म्हणजे खाणींविषयींच्या पुष्कळशा तंट्यांचें मूळ सहज उमगतें.

गोव्याचें खनिज फार उच्च प्रतीचें नाहीं. छत्तीसगडांतील बैलाडिला येथील उत्तम खनिजांत शेंकडा ६५ हून अधिक लोखंड असतें. गोव्याच्या निर्यातीच्या मालांत तें बहुधा ५८ ते ६२ च्या दरम्यान असे. मग असा हलका माल हजारों मैलांवरच्या देशांनीं कां घ्यावा? याचें उत्तर गोव्याच्या नद्यांत आहे. खनिजासारखा जड व स्वस्त माल रस्त्यानें किंवा रेल्वेनें दूर न्यावा, तर वाहतुकीचा खर्च मालाच्या किंमतीस गिळून टाकतो. गोव्यांत मात्र खाणीपासून नदीचा धक्का कांहीं कोसांवरच लागतो. तेथपर्यंत माल ट्रकनें न्यावा, मांडवी किंवा जुवारीच्या पात्रांत बार्जींत ओतावा आणि पाण्यावरून बंदरांत पोंचवावा. पावसाळ्यांत मांडवीच्या मुखाशीं आग्वादजवळ वाळूच्या दांड्यामुळें व लाटांमुळें वाट बंद पडते. तेव्हां बार्जी कुंभारजुव्याच्या नैसर्गिक कालव्यानें मांडवींतून जुवारींत उतरतात व तेथून मुरगांवला जातात. नद्या नसत्या, तर गोव्याचे डोंगर कदाचित् आजही जसेच्या तसे उभे असते.

या धंद्याचा आरंभ पोर्तुगीज अमदानींतला. त्या सरकारनें खाणींचे परवाने दिले, ते मुदतीच्या पट्ट्यांसारखे नव्हते, तर जवळजवळ कायमच्या मालकीसारखे होते. दुसऱ्या महायुद्धापूर्वीं उत्पादन अगदींच बेताचें होतें. युद्धानंतर जपानानें आपले पोलादाचे कारखाने पुन्हां उभारले, तेव्हां त्यास कच्चा माल हवा झाला आणि १९५० नंतरच्या दहा वर्षांत गोव्याच्या खाणी जोरानें चालूं लागल्या. आरंभीं पहार, कुदळ व डोक्यावरची पाटी हींच साधनें होतीं. पाट्या वाहणाऱ्यांत स्त्रियांची संख्या मोठी असे. पुढें यंत्रें आलीं. डिसेंबर १९६१ मध्यें गोवा मुक्त झाला, १९६४ सालीं मुरगांव हें भारताच्या प्रमुख बंदरांत गणलें गेलें आणि १९७९ सालीं तेथें खनिज चढविण्याची मोठी यंत्रसामग्री बसली. १९६३ सालीं गोव्याचे पहिले मुख्यमंत्री झालेले दयानंद बांदोडकर हे स्वतः खाणमालक होते. यावरून या धंद्याचें त्या समाजांतील वजन ओळखावें.

आतां खाणीमुळें पैसा कसा फिरतो तें पाहूं. एक बार्ज साधारण हजार ते दोन हजार टन माल नेते आणि एका ट्रकांत दहा टन माल मावतो असें धरलें, तर एक बार्ज भरण्यास शंभर ते दोनशें ट्रक लागतात. हे ट्रक बहुतांशीं खाणमालकाचे नसत. खाणींच्या गांवांतील माणसांचे असत. कोणी जमिनीची भरपाई घेऊन, कोणी बायकोचे दागिने गहाण टाकून, बहुतेकांनीं बँकेचें कर्ज काढून ट्रक घेतलेला. त्या एका ट्रकामागें चालक, क्लीनर, गॅरेजांतला कारागीर, पंक्चर काढणारा, चहा-पावाचें दुकान मांडणारा अशी सांखळी उभी राही. नदीकांठीं बार्जी बांधणारे व दुरुस्त करणारे कारखाने निघाले. बार्जींवर तांडेल व खलाशी लागले. सावर्डें, कुडचडें, डिचोली येथील बाजार या पैशावर फुलले. मुलें शिकलीं, घरांवर पक्कीं छपरें आलीं. खाणींनीं कांहींच दिलें नाहीं असें म्हणणें सत्याला सोडून होईल.

परंतु हिशेबाच्या वहीस दोन बाजू असतात. एक टन खनिज काढावयाचें, तर त्याच्या वरचा व भोंवतालचा दोन ते तीन टन दगड-माती उपसावी लागते. ही निरुपयोगी माती जवळच्या उतारावर टाकतात. तिचे डोंगराएवढे ढीग होतात व त्यांना तिकडे डंप म्हणतात. गोव्यांत पाऊस वर्षास शंभर इंचांहून अधिक पडतो. त्या पावसांत डंपांची लाल माती ओढ्यांतून वाहत येते आणि भाताच्या खाचरांत बसते. तिच्यांत कस नसतो; ती सुकली म्हणजे सिमेंटासारखी कडक होते. ज्या शेतांत दोन पिकें निघत, तेथें एकही नीट निघेनासें होतें.

दुसरी गोष्ट पाण्याची. खाणीचा खंदक खोल जातां जातां भूजलाच्या पातळीखालीं पोंचतो. कांहीं ठिकाणीं तर तो समुद्रसपाटीच्याही खालीं गेला आहे. मग खंदक कोरडा ठेवण्यासाठीं पंप लावून रात्रंदिवस पाणी उपसावें लागतें. वर सांगितलेली टांकी याप्रमाणें तळापासून रिकामी होते आणि शेजारच्या विहिरी आटतात. लईराई देवीच्या जत्रेसाठीं प्रसिद्ध असलेल्या शिरगांवांत असेंच झालें व तेथील विहिरींचें प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलें. गांवास पाणी टँकरनें पुरविण्याची पाळी आली. ज्या गांवाच्या माथ्यावर पाण्याचा डोंगर होता, त्या गांवानें घागर घेऊन टँकरची वाट पाहावी, हा हिशेब खाणीच्या जमाखर्चांत कोठेंही लिहिलेला नसतो.

२००० सालानंतर चीनमध्यें पोलादाचें उत्पादन झपाट्यानें वाढूं लागलें आणि गोव्याच्या खनिजाचें दैव पालटलें. पूर्वीं ज्या हलक्या मालास गिऱ्हाईक नव्हतें व जो डंपावर टाकून दिला जाई, त्यासही आतां चांगला भाव येऊं लागला. २०१०-११ सालीं गोव्याच्या बंदरांतून बाहेर गेलेलें लोहखनिज पांच कोटी टनांच्या वर गेलें. त्यांतील कांहीं भाग कर्नाटकांतून आलेला होता. गोव्याचे स्वतःचे चार कोटी टन धरले व सर्व माल दहा टनांच्या ट्रकांनीं नेला असें मानलें, तर चाळीस लक्ष खेपा होतात. वाहतुकीचे दिवस दोनशें धरले, तर रोज वीस हजार भरलेले ट्रक जाणार व तितकेच रिकामे परतणार. मूठभर गांवांतील अरुंद रस्त्यांवरून ही रहदारी चाले. शाळेंत जाणाऱ्या मुलास रस्ता ओलांडणें कठीण, घरांतील भांड्यांवर व अंथरुणांवर लाल धुळीचा थर, आणि खोकला नित्याचा, अशी त्या गांवांची स्थिति झाली.

मग या अफाट विक्रींतून सार्वजनिक तिजोरींत काय आलें? खनिजावर सरकार जी रक्कम घेतें तीस स्वामित्वधन म्हणतात. खनिजाची मालकी लोकांची, म्हणून त्यांच्या वतीनें सरकारनें घ्यावयाची ही किंमत होय. २००९ सालच्या ऑगस्टपर्यंत लोहखनिजावरील स्वामित्वधन टनामागें ठरावीक रकमेचें होतें व तें तीस रुपयांच्याही आंतच होतें. तेजीच्या दिवसांत त्याच मालास परदेशीं टनामागें कांहीं हजार रुपये मिळत. २००९ मध्यें हा दर किंमतीच्या शेंकडा १० झाला व २०१४ मध्यें शेंकडा १५. म्हणजे ज्या काळीं भाव भडकूं लागले त्या काळांतील बरींच वर्षें मालकास, अर्थात् जनतेस, आपल्याच ठेवीच्या विक्रींतून नाममात्र वांटा मिळाला.

इतका वेग आला म्हणजे नियम मागें राहतात. केंद्र सरकारनें नेमलेल्या न्यायमूर्ति एम. बी. शहा यांच्या आयोगाचा गोव्याविषयींचा अहवाल सप्टेंबर २०१२ मध्यें संसदेपुढें आला. त्याच महिन्यांत राज्य सरकारनें खाणी थांबविल्या आणि ५ ऑक्टोबर २०१२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानेंही उत्खनन व वाहतूक बंद केली. २१ एप्रिल २०१४ च्या निकालांत न्यायालयानें असें ठरविलें कीं जुन्या पोर्तुगीज परवान्यांपासून झालेल्या खाणपट्ट्यांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजींच संपली होती. म्हणून त्यानंतरचें उत्खनन बेकायदा होतें. पुढील काळासाठीं वर्षास दोन कोटी टनांची मर्यादा घातली गेली. राज्य सरकारनें ८८ पट्ट्यांचें नूतनीकरण करून खाणी पुन्हां सुरू केल्या. परंतु तें नूतनीकरणही न्यायालयानें ७ फेब्रुवारी २०१८ रोजीं रद्द ठरविलें आणि मार्च २०१८ मध्यें खाणी दुसऱ्यांदा बंद पडल्या.

बंदीचा घाव कोणावर पडला? ज्याच्यापाशीं तेजीचा नफा सांठलेला होता तो सांवरला. ज्यानें कर्जावर ट्रक घेतला होता, त्याच्या दारांत तो ट्रक गंजत उभा राहिला व बँकेचा हप्ता मात्र थांबेना. मांडवीच्या कांठीं बार्जी नांगरून पडल्या. रस्त्याकडेचीं खाणावळी-दुकानें एकामागून एक बंद झालीं. सरकारनें मदतीच्या व कर्जफेडीच्या योजना काढल्या, तथापि बुडालेला रोजगार मदतीनें भरून निघत नसतो. ‘मग पुन्हां शेती करावी’ असें दूरचा माणूस सहज म्हणतो. परंतु खाचरांत गाळ बसलेला, बांध मोडलेले, झरा आटलेला, आणि घरांतील तरुण पिढीनें नांगराऐवजीं ट्रकचें चक्रच हातीं धरलेलें. अशा स्थितींत शेतीकडे परतण्याची वाटही खाणीनेंच बुजविलेली असते. एका धंद्यावर सर्व प्रदेश उभा राहिला म्हणजे काय होतें, याचें हें उदाहरण आहे. खाण चालू असतां एक प्रकारची हानि, ती बंद पडतां दुसऱ्या प्रकारची. आणि दोन्ही वेळां सोसणारे बहुधा तेच.

येथें मूळ प्रश्नाकडे वळावें. समजा, एका कुटुंबांत आजीनें ठेवलेले शंभर तोळे सोनें आहे. घरचा कर्ता दरवर्षीं पांच तोळे विकतो आणि त्या पैशावर थाटांत संसार चालवितो. शेजारी म्हणतात, याचें उत्पन्न मोठें आहे. परंतु तें उत्पन्न नव्हे. ती मुद्दलाची विक्री आहे. वीस वर्षांनीं पेटी रिकामी होईल व मुलांस कळेल कीं वडिलांनीं जें खाल्लें तें आपल्याही वांट्याचें होतें. याच्या उलट, कर्त्यानें सोनें विकून आलेला सर्व पैसा सुरक्षित ठेवींत गुंतविला व केवळ व्याजावर भागविलें, तर सोन्याचें रूप पालटेल, पण ठेव नाहींशी होणार नाहीं. खनिजाच्या बाबतींत प्रदेशाचा संसार या दुसऱ्या रीतीनें चालला पाहिजे.

हा केवळ उपदेश नव्हे. तसें करून दाखविणारे देश आहेत. नॉर्वेला समुद्रांत तेल सांपडलें, तेव्हां त्या देशानें १९९० सालीं कायदा करून एक निधि स्थापिला आणि १९९६ पासून त्यांत तेलाचा पैसा टाकण्यास आरंभ केला. तो पैसा देशाबाहेर गुंतवावयाचा व दरसाल त्याच्या अपेक्षित उत्पन्नाइतकाच, म्हणजे हल्लींच्या नियमाप्रमाणें शेंकडा तीनच्या सुमारास, खर्चावयाचा, असा दंडक आहे. आज तो निधि जगांतील सर्वांत मोठ्या निधींपैकीं एक झाला आहे. तेल संपेल, पण तेलाचा पैसा नातवंडांसही पुरेल, अशी ही तजवीज.

गोव्याच्या बाबतींतही २०१४ च्या निकालांत या विचारास जागा मिळाली. लोहखनिजाच्या विक्रीच्या किंमतीपैकीं शेंकडा १० रक्कम एका कायम निधींत ठेवावी व ती पुढील पिढ्यांच्या हितासाठीं असावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानें दिला. २०१५ सालच्या केंद्रीय कायद्यानें प्रत्येक खाणजिल्ह्यांत एक खनिज प्रतिष्ठान नेमलें. जुन्या पट्टेदारांनीं स्वामित्वधनाच्या शेंकडा ३० व लिलावानें पट्टा घेणारांनीं शेंकडा १० इतकी रक्कम त्यांत भरावयाची, आणि ती खाणींमुळें पीडित झालेल्या गांवांच्या पाणी, आरोग्य, शिक्षण इत्यादि कामीं खर्चावयाची. याच कायद्यानें खाणपट्टे लिलावानेंच देण्याचें ठरलें, जेणेंकरून ठेवीची खरी किंमत मालकाच्या पदरीं पडावी. गोव्यांत पहिल्या चार खाणींचा लिलाव डिसेंबर २०२२ मध्यें झाला आणि २०२४ मध्यें डिचोलीस उत्खनन पुन्हां सुरू झालें.

तेव्हां आतां प्रश्न ‘खाण हवी कीं नको’ एवढाच उरलेला नाहीं. तो कोणत्या अटींवर, किती वेगानें व कोणाच्या हिशेबानें, असा आहे. शंभरांतील दहा भाग कायम निधींत गेले, ही चांगली सुरुवात आहे. परंतु मुद्दलाचे शंभर भाग विकून दहा ठेवणें म्हणजे मुद्दल राखणें नव्हे. उत्खननाचा वेग नद्यांस, रस्त्यांस व विहिरींस झेपेल इतकाच असावा. डंपांचा पायथा बांधून काढणें, त्यांवर झाडें लावणें, खाचरांतील गाळ उपसणें, हा खर्च खाणीनें नफा मोजण्यापूर्वींच काढून ठेवला पाहिजे. नाहीं तर तो शेतकऱ्याच्या माथीं बसतो. आणि जिल्ह्याच्या प्रतिष्ठानांत किती रुपये जमले व कोणत्या गांवीं ते कशावर खर्च झाले, याचा तक्ता गांवच्या ग्रामसभेंत वाचला गेला पाहिजे. ज्या गांवास आपल्या डोंगराचा हिशेब विचारतां येतो, त्या गांवास सहसा कोणी फसवूं शकत नाहीं.

एखादा खंदक संपला व सोडून दिला म्हणजे दोन पावसाळ्यांत त्याचें तळें होतें. दुरून तें निळेंशार व सुंदर दिसतें. डिचोलीच्या बाजूस अशीं तळीं पाहणाऱ्या शाळकरी मुलानें, ‘येथें पूर्वीं काय होतें?’ असें विचारलें, तर ‘डोंगर होता’ एवढें उत्तर त्यास सहज मिळेल. ‘मग त्या डोंगराचें काय केलें?’ हा त्याचा दुसरा प्रश्न असेल. त्या वेळीं त्याला दाखविण्यासाठीं गांवांत भरलेली विहीर, चालती शाळा, पिकतें खाचर आणि त्याच्या नांवावर शिल्लक असलेली ठेव असली पाहिजे. आज चालणाऱ्या प्रत्येक खाणीचा ताळेबंद त्या उत्तरावरून तपासावा.